पान कोणाचे, चूक कोणाची? सॉफ्टवेअरच्या सामूहिक माहितीलेखनाचा थोडा इतिहास

प्रयोगशाळेतल्या एका प्रसंगापासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी वेब प्रोग्रामिंगच्या तासाला तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी पीएचपीमध्ये छोटा प्रोग्राम लिहीत होती. डेटाबेसशी जोडणी काही केल्या होईना. 'मायएसक्यूएल-कनेक्ट' नावाचे फंक्शनच सापडत नाही, एवढा एकच संदेश पडद्यावर येत होता. एका सामूहिक माहितीपानावरच्या ओळी तिने अक्षरशः उतरवून घेतल्या होत्या. जवळजवळ दोन तास ती स्पेलिंग, अर्धविराम आणि कंस तपासत बसली. मी शेजारी जाऊन उभा राहिलो तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "भूलटा आमारई, सर." चूक माझीच आहे, सर.

चूक तिची नव्हती. ते पान लिहिले गेले तेव्हा पानाचीही नव्हती. पीएचपीने फंक्शनांचे ते जुने कुटुंब २०१३ मध्ये ५.५ या आवृत्तीत कालबाह्य म्हणून जाहीर केले आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७ या आवृत्तीतून काढून टाकले. आमच्या यंत्रांवर सातवी आवृत्ती होती. पान कोणत्या आवृत्तीसाठी लिहिले आहे आणि कधी लिहिले आहे, हे त्यावर कुठेच नव्हते. चांगल्या हेतूने कोणीतरी लिहिलेले ते पान तसेच पडून राहिले आणि बंगाली माध्यमाच्या शाळेतून आलेल्या एका मुलीला आपल्याला हे जमणार नाही असे वाटायला लावून गेले.

अनेकांनी मिळून लिहायच्या माहितीची गुणवत्ता कोणी आणि कशी राखायची, हा या टिपणाचा विषय आहे. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात डॉक्युमेंटेशनवर एखादे प्रकरण असते. त्यात दस्तऐवजांचे प्रकार दिलेले असतात. ते लिहितो कोण, तपासतो कोण आणि लिहिणारा निघून गेल्यावर त्याचे काय होते, हा भाग बहुधा सुटतो. त्यासाठी इतिहासाकडे जावे लागते.

आधी संगणकाच्या खूप मागे जाऊ, कारण मराठी वाचकाला जवळचे असे एक उदाहरण कोलकात्याच्या शेजारीच घडले आहे. हावड्याहून लोकल पकडली की अर्ध्या-पाऊण तासात श्रीरामपूर येते. विल्यम केरी या मिशनऱ्याने तिथल्या छापखान्यातून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापून काढला. केरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत असे. मराठी मुलूख शेकडो कोस दूर, आणि त्याचा मुख्य आधार होता पंडित वैजनाथ. हे पंडित नागपूरकडचे. साहजिकच श्रीरामपुरी मराठीवर नागपुरी वळणाची छाप राहिली आणि पुण्या-कोकणच्या वाचकाला ती मराठी परकी वाटली. केरीची चिकाटी अफाट होती यात शंका नाही. पण त्याच्या कामात तपासणारा जवळजवळ एकटा होता, आणि त्या एकट्याची मर्यादा ती पुस्तकाचीही मर्यादा झाली.

पुढे मुंबई इलाख्यात मोल्सवर्थने वेगळा मार्ग धरला. शास्त्र्यांचा एक गट नेमून शब्द गोळा केले, ते चाळले आणि १८३१ मध्ये कोश छापला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ४० हजारांवरून ६० हजारांपर्यंत गेली. शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, याच्या खुणाही त्याने नोंदवल्या. एकाच्या जागी अनेक तपासनीस आले, आणि मजकुरासोबत मजकुराविषयीची माहितीही छापली जाऊ लागली. सॉफ्टवेअरच्या जगाने हे दोन्ही धडे पुन्हा पहिल्यापासून गिरवले.

युनिक्स प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. लेखक केन थॉम्पसन आणि डेनिस रिची. तुम्ही टर्मिनलवर 'मॅन' ही कमांड देता तेव्हा जे पान उघडते, त्याची घडण त्या पुस्तिकेतून आली आहे. नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फाइली, हे पहा. या ठरलेल्या मथळ्यांमध्ये दोन मथळे मला फार महत्त्वाचे वाटतात. एक 'बग्स' आणि दुसरा 'ओनर', म्हणजे मालक. आमच्या प्रोग्राममध्ये अमुक दोष आहे, हे लिहिणाऱ्याने स्वतःच पानावर कबूल करायचे आणि त्या प्रोग्रामची जबाबदारी कोणाकडे आहे तेही सांगायचे. शिवाय प्रत्येक पानावर तारीख. मालकाचा मथळा पुढच्या काळात गेला, 'बग्स' मात्र आजतागायत टिकला आहे. आपल्याकडे प्रकल्प-अहवालात 'मर्यादा' नावाचे कलम विद्यार्थी शेवटच्या रात्री भरतात आणि त्यात 'वेळेअभावी' एवढेच लिहितात. १९७१ च्या त्या पानांवरचे 'बग्स' वाचून पाहा. तिथे वाचणाऱ्याला खड्डा कुठे आहे ते दाखवलेले असते.

बेल लॅब्समध्ये माणसे एकाच इमारतीत बसत. प्रश्न पडला तर मालकाच्या दारावर टकटक करता येई. लिनक्स आले तेव्हा ही सोय संपली. १९९० च्या दशकाच्या आरंभी लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट सुरू झाला. त्यात 'हाऊ-टू' नावाची माहितीपत्रे असत. मोडेम कसा जोडायचा, छपाईयंत्र कसे चालवायचे, अशा एकेका कामाचे एकेक पत्रक. प्रत्येक पत्रकाला सांभाळणारा एक माणूस, त्याचे नाव, आवृत्ती क्रमांक आणि तारीख. वाचकाला चूक सापडली तर त्याने सांभाळणाऱ्याला ईमेल करायचे आणि त्याने पुढच्या आवृत्तीत सुधारणा करायची. पद्धत स्वच्छ होती. पण माणसे नोकरी बदलतात, लग्ने करतात, कंटाळतात. ज्याला पत्र लिहायचे तोच उत्तर देईनासा झाला की पत्रक अनाथ होई. दुसऱ्या कोणाला ते दुरुस्त करायची इच्छा असली तरी वाट सोपी नव्हती.

विकीच्या कल्पनेने नेमकी ही अडचण फोडली. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने २५ मार्च १९९५ रोजी आपले 'विकीविकीवेब' खुले केले. विकी-विकी हा हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरील बससेवेच्या नावावरून त्याने तो उचलला. विकिपीडियामुळे आपण विकी म्हटले की विश्वकोश समजतो. पण पहिली विकी विश्वकोशासाठी नव्हती. प्रोग्रामरांनी आपले अनुभव, म्हणजे कोणत्या प्रकारच्या समस्येला कोणत्या घाटाचे उत्तर लागू पडते, हे एकमेकांना सांगावे यासाठी ती होती. सॉफ्टवेअरविषयीचे सामूहिक लेखन हेच विकीचे मूळ घर आहे.

कनिंगहॅमने परवानगीची पायरीच काढून टाकली. वाचणारा तोच लिहिणारा. चूक दिसली? बदला. मग गुणवत्तेचे काय? जुन्या वळणाच्या लोकांना हा प्रश्न पडणे साहजिक होते, आणि त्याचे उत्तर एका फसलेल्या प्रयोगातून मिळाले. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी मार्च २००० मध्ये न्यूपीडिया नावाचा विश्वकोश सुरू केला. लेख तज्ज्ञांनी लिहायचे आणि प्रत्येक लेखाने तपासणीच्या सात पायऱ्या चढायच्या. पहिल्या वर्षात जेमतेम वीस-एकवीस लेख पार झाले. १५ जानेवारी २००१ रोजी त्याच मंडळींनी सोबतीला म्हणून विकिपीडिया सुरू केला, आणि वर्ष संपेपर्यंत तिथल्या लेखांची संख्या हजारोंच्या घरात गेली. २००३ मध्ये न्यूपीडिया बंद पडला. त्याच वर्षी १ मे रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला, आणि २००४ च्या जानेवारीत बंगालीचा.

ही गोष्ट सांगून बहुतेक जण थांबतात आणि 'खुले जिंकले, तपासणी हरली' असा निष्कर्ष काढतात. मला तो घाईचा वाटतो. विश्वकोशातला लेख आणि सॉफ्टवेअरचे माहितीपान यांत मोठा फरक आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे वर्ष पुढच्या महिन्यात बदलणार नाही. सॉफ्टवेअरचे पान मात्र कोणी हात न लावताही चुकीचे होऊ शकते, कारण ज्याविषयी ते लिहिले आहे ती वस्तूच बदलते. विश्वकोशाला चुकीच्या बदलांची भीती असते, माहितीपानाला बदल न होण्याची.

पीएचपीच्या अधिकृत पुस्तिकेने मधला मार्ग काढला. मूळ मजकूर ठरलेल्या लेखकांचा, आणि प्रत्येक पानाखाली वाचकांच्या टिपा. त्या टिपांनी एका पिढीला खूप काही शिकवले. त्यातच काही टिपा अशाही होत्या की वापरकर्त्याने भरलेला मजकूर जसाच्या तसा डेटाबेसच्या आज्ञेत चिकटवायचा. सुरक्षेच्या दृष्टीने हे म्हणजे घराची किल्ली दारावर टांगून ठेवणे. टीप देणारा सुरक्षातज्ज्ञ नव्हता, त्याला आपली अडचण सुटल्याचा आनंद झाला होता एवढेच. कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात असे एखादे पुस्तक हाती लागते की त्याच्या समासात आधीच्या मालकाने पेन्सिलीने उत्तरे लिहिलेली असतात. ती बरोबर निघाली तर नशीब.

जेंटू या लिनक्स-प्रकाराच्या वापरकर्त्यांची स्वतःची एक मोठी, अनधिकृत विकी होती. २००८ मध्ये तिचा डेटाबेस गेला आणि बॅकअप नव्हता. लोकांनी शोधयंत्रांच्या साठवणीतून पाने गोळा करून जमेल तेवढी पुन्हा उभी केली. गुणवत्ता म्हटले की आपण शुद्धलेखन आणि अचूकता यांच्याकडे पाहतो. बॅकअप कोण घेतो, सर्व्हरचे पैसे कोण भरतो, हाही गुणवत्तेचाच प्रश्न आहे, हे त्या मंडळींना फार महागात कळले.

आर्च लिनक्सची विकी २००५ पासूनची, आणि आज ती इतर लिनक्स-प्रकारांचे वापरकर्तेही वाचतात. तिथली एक रीत आमच्या विद्यार्थ्यांना मी मुद्दाम दाखवतो. पानात काही खटकले पण दुरुस्त करण्याइतके ज्ञान तुमच्याजवळ नसेल, तर तुम्ही त्या परिच्छेदावर पाटी लावू शकता. 'यातील माहितीच्या अचूकतेविषयी शंका आहे', 'हे जुने झाले आहे', 'हे अमुक पानात मिळवावे', आणि सोबत कारण. शंका घेणे हेही योगदान धरले जाते. आपल्या वर्गात हात वर करून 'हे कळले नाही' म्हणणाऱ्याला आपण असे योगदानाचे श्रेय देतो का, हे आम्हा शिक्षकांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

उलट उदाहरण स्टॅक ओव्हरफ्लोचे. प्रश्नोत्तरांसाठी जगभर गाजलेल्या या संस्थेने जुलै २०१६ मध्ये 'डॉक्युमेंटेशन' नावाचा विभाग सुरू केला. प्रश्नोत्तरांना गुण मिळतात तसे इथेही गुण मिळणार होते. वर्षभरात, ऑगस्ट २०१७ मध्ये तो बंद झाला. माझे वाचन असे आहे की प्रश्नोत्तरांत समोर एक अडलेला माणूस असतो, त्याच्यामुळे उत्तराला आकार येतो. इथे तो माणूसच नव्हता. सोप्या विषयांवर छोटी-छोटी भर घालून गुण मिळवता येत होते, आणि अवघड, कंटाळवाणे पण गरजेचे भाग तसेच राहत होते. नॅकच्या भेटीसाठी फाइली भरताना आपण जे करतो त्याच्याशी याचे साम्य कोणाला दिसले तर तो योगायोग समजावा.

आता आपल्याकडे येऊ. आयआयटी मुंबईच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागातील प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाचे, जे २००९ मध्ये सुरू झाले, त्याला पाठबळ मिळाले. लॅटेक, सायलॅब, पायथन, लिबरऑफिस, जिंप, ब्लेंडर अशा मुक्त सॉफ्टवेअरवरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ. पडद्यावर सॉफ्टवेअर चालताना दिसते आणि मागून आवाज सांगत जातो. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ आणि उरलेल्या अर्ध्यावर ते सॉफ्टवेअर उघडून शेजारी-शेजारी करत जायचे. हे पाठ कोणा एका विभागाने बनवलेले नाहीत, देशभरातील शिक्षक, विद्यार्थी आणि इतर योगदानकर्ते त्यात आहेत. दिसायला ही चित्रफितींची मालिका आहे, पण तिचा कणा लिखित संहितेचा आहे आणि त्या संहिता एका विकीवर ठेवलेल्या आहेत. त्यामुळे आपल्या विषयाला याहून जवळचे भारतीय उदाहरण मला माहीत नाही.

संहिता दोन रकान्यांत लिहायची असते. डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे काय बोलले जाईल. वाचायला सोपी वाटणारी ही अट लिहायला बसल्यावर भलतीच कडक निघते. 'आता सेटिंग्ज बदला' असे वाक्य उजव्या रकान्यात लिहिले की डावा रकाना विचारतो, कुठे? कोणता मेनू? क्लिक कशावर? लेखकाच्या डोक्यात जे गृहीत असते ते या रकान्यामुळे उघडे पडते. पाठ तयार झाल्यावर तीच संहिता वेळेच्या नोंदींसह पुन्हा विकीवर चढते. कोणत्या मिनिट-सेकंदाला कोणते वाक्य आहे, हे त्यात असते. भाषांतर करणाऱ्याला मराठी किंवा बंगाली वाक्य किती सेकंदांत बसवायचे ते त्यावरून कळते.

पण मला सर्वात मोलाची वाटते ती नवख्याकडून होणारी तपासणी. संहिता तज्ज्ञाकडे जाण्याबरोबरच अशा माणसाकडे जाते ज्याला ते सॉफ्टवेअर येत नाही. त्याने फक्त संहिता वाचून यंत्रावर करत जायचे. जिथे अडेल तिथे संहितेत दोष आहे असे धरायचे. न्यूपीडियाच्या सात पायऱ्यांवर सगळे जाणकार उभे होते. जाणकाराची अडचण अशी की वगळलेली पायरी तो वाचता-वाचता मनातच भरून काढतो, त्यामुळे ती वगळली आहे हे त्याला दिसत नाही. नवख्याला दिसते, कारण तो तिथे पडतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या त्या मुलीचे दोन तास या पद्धतीत वाया गेले नसते, ते तपासणीचा अहवाल म्हणून जमा झाले असते.

नवख्यानंतरही पायऱ्या आहेतच. प्रत्येक पाठाची रूपरेषा, संहिता, स्लाइड, कोड, गृहपाठ आणि चित्रफीत हे वेगवेगळे घटक मानले जातात आणि प्रत्येकाची स्थिती वेगळी नोंदली जाते. प्रशासकीय तपासणीची प्रतीक्षा, विषयतज्ज्ञाची प्रतीक्षा, गुणवत्ता-तपासणीची प्रतीक्षा, स्वीकृत, सुधारणा हवी. 'नाकारले' असा शिक्का या क्रमात नाही, 'सुधारणा हवी' आहे, हे विद्यार्थ्यांकडून काम करवून घेणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. पहिल्याच प्रयत्नाला नकार मिळालेला स्वयंसेवक सहसा परत येत नाही.

पाठाच्या सुरुवातीलाच कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली ते सांगायचे, हा नियमही इथे पाळला जातो. लिबरऑफिसच्या जुन्या पाठांत उबंटू १०.०४ आणि लिबरऑफिस ३.३.४ अशी नोंद ऐकू येते. आज ऐकताना हसू येईल, पण त्या एका वाक्यामुळे वाचक सावध होतो. माझ्या पडद्यावरचा मेनू वेगळा का दिसतो याचे उत्तर त्याला मिळते आणि दोष स्वतःकडे घ्यावा लागत नाही.

याच आयआयटीत 'फॉसी' नावाचा दुसरा प्रकल्प आहे. त्याच्या पाठ्यपुस्तक-सहचर उपक्रमात अभियांत्रिकीच्या प्रचलित पुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थी आणि शिक्षक सायलॅबमध्ये लिहितात. इथे तपासणीला एक वस्तुनिष्ठ आधार मिळतो. कोड चालवा आणि पुस्तकातल्या उत्तराशी ताडून पाहा. गंमत म्हणजे या कोडमध्ये अधूनमधून अशी टीप सापडते की पुस्तकातले उत्तर चुकीचे आहे. वर्षानुवर्षे वर्गात फळ्यावर उतरवले गेलेले उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने यंत्रावर चालवून खोटे पाडले, यापेक्षा चांगले समीक्षण कोणते?

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू. विकीच्या पानावरची चूक मिनिटात दुरुस्त होते. चित्रफितीतली होत नाही. तो भाग पुन्हा चित्रित करावा लागतो, आणि पाठ जर बावीसपर्यंत भारतीय भाषांत बोलला गेला असेल तर दुरुस्ती तितक्या ठिकाणी पोहोचवावी लागते. मूळ इंग्रजी पाठ नव्या आवृत्तीसाठी केला तरी मराठी आणि बंगाली आवाज मागून येतात, आणि मधल्या काळात ज्या विद्यार्थ्याचे इंग्रजी कच्चे त्यालाच जुना पाठ मिळतो. ज्याच्यासाठी खटाटोप केला तोच शेवटी उरतो, ही गोष्ट मला बोचते. लिबरऑफिसचे पाठ पुढे ६.३ या आवृत्तीसाठी नव्याने करण्यात आले. पण ३.३ पासून ६.३ पर्यंतच्या वर्षांत त्या सॉफ्टवेअरच्या कितीतरी आवृत्त्या येऊन गेल्या. तपासणी जितकी काटेकोर तितकी ती पुन्हा करणे महाग, हा व्यवहार कोणाला चुकलेला नाही.

भाषेचा प्रश्न तर वेगळाच. 'फाइल' म्हणायचे की 'धारिका'? 'फोल्डर' की 'संचिका'? स्पोकन ट्युटोरियलमध्ये पडद्यावरचे शब्द इंग्रजीतच असतात, म्हणून मेनूंची नावे मराठी आवाजही इंग्रजीतच उच्चारतो. तो निर्णय व्यवहार्य आहे. ज्यांनी पडद्यावरचेच शब्द भारतीय भाषांत आणायचे ठरवले त्यांना मात्र एकमत घडवावे लागले. बंगालीसाठी 'अंकुर' या स्वयंसेवकांच्या गटाने हे काम केले, त्यात पश्चिम बंगाल आणि बांगलादेश दोन्हीकडची माणसे होती. पाणी म्हणायला एकीकडे 'जल' आणि दुसरीकडे 'पानी' चालते, तिथे संगणकाच्या शब्दांवर वाद होणारच. २००८ च्या सुमारास पुण्यातील रेड हॅटमधून 'फ्युएल' हा उपक्रम निघाला. सॉफ्टवेअरमध्ये वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करायची, त्या-त्या भाषेची माणसे एका टेबलाभोवती बसवायची आणि प्रत्येक शब्दावर निर्णय घेऊन तो प्रसिद्ध करायचा. मोल्सवर्थच्या शास्त्र्यांची बैठक जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा भरली म्हणा ना!

अनेक हातांच्या कामाची गुणवत्ता कशी मोजायची, या प्रश्नावर कोलकात्याने एक उत्तर दिले आहे. संगणकाशी त्याचा थेट संबंध नाही, पण आमच्या वर्गात मी तेच वापरतो. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमधील तागाच्या लागवडीची पाहणी हाती घेतली. शेताशेतांत फिरून नोंदी करणारे कर्मचारी पुष्कळ, आणि प्रत्येकावर देखरेख अशक्य. कोण चुकतो, कोण झाडाखाली बसून आकडे लिहितो, कळणार कसे? महालनोबिसांनी एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने घेतले आणि ते दोन वेगवेगळ्या तुकड्यांकडे दिले. एका तुकडीला दुसरीच्या नोंदी दिसत नसत. दोन्हींची उत्तरे जवळ आली तर विश्वास ठेवायचा, फार फरक पडला तर तिथे पुन्हा जायचे. संख्याशास्त्रात ही पद्धत परस्परभेदी उपनमुन्यांची म्हणून ओळखली जाते. प्रत्येक नोंद न तपासता चुकीचा पत्ता लावणारी ही युक्ती आहे.

आमच्या विभागाची एक लहानशी विकी आहे, प्रयोगशाळेतल्या कामांची. मायएसक्यूएलच्या त्या प्रसंगानंतर ती सुरू केली. प्रत्येक पानावर मालकाचे नाव, आवृत्ती आणि शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख. पानाच्या तळाशी 'इथे अडलो' नावाचा मथळा, त्यात कोणीही लिहावे, भाषा कोणतीही चालेल. नवे पान आले की ते दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या दिवशी देतो, एकमेकांशी बोलू देत नाही, आणि ते कुठे-कुठे अडले याच्या दोन याद्या शेजारी-शेजारी ठेवतो. दोन्ही याद्यांत आलेली जागा आधी दुरुस्त होते. एकाच यादीत आलेल्या जागेवर वर्गात चर्चा होते, आणि ती चर्चा बहुधा तासाचा उत्तम भाग ठरते. सुरुवातीला मुले 'इथे अडलो' मध्ये लिहायला लाजत. आता तो भाग कधीकधी मूळ पानापेक्षा लांब होतो, आणि तोही छाटावा लागतो.

मालकीचा प्रश्न मात्र आम्हाला सुटलेला नाही. लिनक्सच्या हाऊ-टूंचे जे झाले तेच इथे दर चार वर्षांनी होते. मालक पदवी घेऊन सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये किंवा बंगळुरूला नोकरीला लागतो आणि पान मागे राहते. पूजेच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला अनाथ पानांची यादी फळ्यावर लावायची आणि ज्याला जे हवे ते त्याने घ्यायचे, असे सध्या चालले आहे. नेटवर्किंगची पाने पटकन जातात. प्रिंटर जोडण्याचे पान सलग तीन वर्षे कोणी घेतलेले नाही, आणि सत्राच्या शेवटी सगळ्यात जास्त उघडले जाते तेच.